भाडोत्री धिंगाणा घालतायत? आधी या चुका टाळा

रत्नागिरीत आमच्या काकांच्या घरामागे दोन कौलारू खोल्या आहेत, पुढे पडवी, मधे चिऱ्याचा गडगा आणि पलीकडे शेजारच्या वहिनींची माडांची वाडी. काका वर्षातले दहा महिने मुंबईला. खोल्यांत तीन नोकरीवाली पोरं, भाडं एक तारखेला बरोबर जमा, पण शनिवार आला की रात्री दोन-अडीचपर्यंत स्पीकर, बाहेरचे सात-आठ जण आणि रिकाम्या बाटल्या गडग्यावरून थेट वाडीत. एकदा सकाळी वहिनींनी माडाच्या आळ्यातून अकरा बाटल्या काढल्या आणि पडवीच्या पायरीवर ओळीने मांडून ठेवल्या, तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

गणपतीला काका आले, एक रात्र ऐकलं आणि उठून मीटरपाशी गेले, खोल्यांचा कटआउट काढला आणि बंडीच्या खिशात घातला. एका पोराने व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनात पोरं तक्रारदार आणि काका उत्तर देणारे! बाटल्यांचा विषयच निघाला नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लाइट तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं, सामान अंगणात काढून ठेवणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचा पाणी, वीज, सफाई असा आवश्यक पुरवठा तोडता येत नाही, मग भाडेकरू कितीही उपद्रवी असो. आणि कोर्टाशिवाय कोणाला जबरदस्तीने बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ६ त्यासाठीच आहे. म्हणजे हात उगारलात की तुमची खरी तक्रार मागे पडली.

दुसरी चूक काकांनी त्याच्या वर्षभर आधीच केली होती. करार काय, तर पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेलं एक पान, रजिस्टर न केलेलं, "ओळखीतली पोरं आहेत, कशाला खर्च." भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि रजिस्टर हवा आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. पोरं म्हणाली, पाहुणे आणू नका असं कधी ठरलंच नव्हतं. झालं! आता तर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा करार, घरबसल्या ऑनलाइन रजिस्टर होतं. त्यात रात्री १० नंतर आवाज नको, रात्री मुक्कामाला किती माणसं, कचरा कुठे, गाड्या कुठे, आणि अटी मोडल्या तर किती दिवसांच्या नोटिशीवर करार संपेल हे साध्या भाषेत लिहून घ्या. "सभ्यपणे राहावे" एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापला काढतो.

आता पुराव्याचं. याच भाडे कायद्याच्या कलम १६ मध्ये घर खाली करून घ्यायची कारणं दिलीत, त्यात शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागणं हे एक आहे, आणि ते भाडेकरूसोबत राहणाऱ्या किंवा त्याने आत घेतलेल्या माणसांनाही लागू होतं. पण नीट वाचा, उपद्रव शेजाऱ्यांना. आपल्याकडे अर्ध्या घरांचे मालक मुंबईला, त्यांनी ना आवाज ऐकलेला ना बाटल्या बघितलेल्या, तर साक्ष देणार कोण? शेजारीच. आणि शेजारी फोनवर तासभर गाऱ्हाणं सांगतात पण सही मागितली की "मला नको बाबा कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू." त्यामुळे त्यांना एकच सांगा, साधी वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, बास. वहिनींनी कॅलेंडरवरच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, दुधाच्या हिशोबाशेजारी, आणि पुढे वकिलाला तेच सगळ्यात आवडलं.

आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी सांगून उपयोग नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, राहत्या वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. सणाच्या काही ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, तेव्हा गणपतीतल्या आरतीची तक्रार करून हसं करून घेऊ नका. शिवीगाळ, धमकी झाली असेल तर निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवा आणि कॉपी मागून घ्या.

हेही सांगायला हवं की मालकांना जे खपत नाही ते सगळं उपद्रव नसतं. अंगणात सुकट वाळत घातली, बांगडे तळले, मुलीची मैत्रीण राहिली, बाळ रात्रभर रडलं, यावरून नोटीस पाठवणारे महाभाग मी बघितलेत. वास कोकणात कोणाच्या घरातून येत नाही हो? आणि भाडेकरूंनो, "भाडं वेळेवर देतो" हे याला उत्तर होत नाही, तुमचा पाहुणा भांडला तरी ते तुमच्या खात्यावर पडतं.

हा भाडे कायदा त्याच्या परिशिष्टातल्या भागांनाच लागतो, त्यामुळे घर आत गावात असेल तर तालुक्याच्या वकिलाला आधी विचारा. तिथे ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट येतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर महिन्याच्या भाड्याला १५ दिवसांची नोटीस. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर भागवू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

आमचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. कटआउट परत बसवला, तारखांसकट नोटीस गेली आणि दिवाळीनंतर पोरांनी स्वतःच खोल्या सोडल्या. जाताना मीटरचा फोटो, चाव्या, लाइटबिल वजा करून डिपॉझिट, सगळ्यावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या, कारण रागाने डिपॉझिट अडकवलं की भांडण नव्याने सुरू. पुढच्या भाडोत्र्याचा करार रजिस्टर केला तेव्हा वहिनी येऊन बसल्या आणि एक अट त्यांनी स्वतः सांगून घातली, गडग्यावरून काहीही टाकायचं नाही, करवंटीसुद्धा.