इम्प्लांटचा एक्सरे: कुठला काढायचा, त्यात काय बघायचं आणि जपून का ठेवायचा

आमच्या आईला खालच्या दाढेच्या जागी २०१९ मध्ये मुंबईत इम्प्लांट बसवला, तेव्हा ती माझ्या भावाकडे राहायला होती. त्यावर कॅप (म्हणजे वरचा दिसणारा दात) बसवली त्या दिवशीच्या एक्सरेची फिल्म फाईलमध्ये घालून इकडे चिपळूणला आणली आणि खालच्या कपाटात ठेवली. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते कपाट गेलं, तेव्हा धान्य गाद्या कागदपत्रं यातच जीव अडकलेला, त्या फिल्मची कोणाला आठवण पण झाली नाही. दोन वर्षांनी ब्रश करताना तिथून रक्त यायला लागलं, इथल्या डॉक्टरांनी नवा एक्सरे काढला आणि पहिला प्रश्न विचारला, जुना आहे का? मुंबईला फोन केला तर म्हणे कॉम्प्युटर बदलला, जुनं काही मिळणार नाही. तेव्हा कळलं की इम्प्लांटच्या बाबतीत एकटा एक्सरे फार कमी सांगतो, दोन शेजारी ठेवले की खरं कळतं.

मुळात एक्सरेची गरज का, तर दुखेपर्यंत थांबून चालत नाही. स्वतःच्या दाताला आत नस असते, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्याला नस कुठली. त्यामुळे बाजूचं हाड झिजत गेलं तरी माणूस आरामात जेवत असतो आणि हलायला लागल्यावर जागा होतो. नीट राहिला तर खूप टिकतो, १९६५ मध्ये स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्कनी ज्या पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले त्याने ते चाळीस वर्षं वापरले.

आता कुठला एक्सरे. नेहमीच्या तपासणीला छोटा एक्सरेच बेस्ट, तोंडात सेन्सर ठेवून काढतात तो, आरव्हीजी किंवा आयओपीए म्हणतात. ओपीजीत अख्खा जबडा दिसतो, पण चित्र मोठं आणि थोडं वेडंवाकडं येतं, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा हिशोब त्यावर करू नये. सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन, तो इम्प्लांट बसवायच्या आधी खूप कामाचा, खालची नस कुठून जाते, वर सायनस (गालामागची हवेची पोकळी) किती लांब आहे हे त्यात कळतं. पण बसवल्यावर दरवर्षी सीबीसीटी काढायची गरज नसते, कारण धातूच्या आजूबाजूला काळे पट्टे उमटतात आणि असलेलं पातळ हाड पण नसल्यासारखं दिसू शकतं, उगाच घाबरायला होतं. काही गडबड वाटली आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं तर जरूर काढा.

छोटा एक्सरे पण सरळ आला पाहिजे, आणि हे आपण स्वतः ओळखू शकतो. स्क्रूचे आटे बघा. दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारखे स्वच्छ सुटे दिसले तर कोन बरोबर आहे, एकात एक मिसळून पुसट झाले असतील तर मशीन तिरकं लागलंय आणि त्यावर हाडाची उंची मोजण्यात अर्थ नाही. सरळ सांगायचं, "डॉक्टर, सेन्सरला होल्डर लावून परत एकदा काढाल का?" चांगले डॉक्टर रागवत नाहीत, आमचे तर उलट खूश झाले.

मग बघायचं काय. स्क्रू पांढरा शुभ्र दिसतो आणि हाड राखाडी. दोन्ही बाजूंना वरून खाली येत हाड पहिल्यांदा स्क्रूला कुठे चिकटलंय ते शोधा आणि त्याच्या वर किती आटे उघडे आहेत ते मोजा. कॅपच्या दिवशी एक उघडा होता आणि आज तीन आहेत तर हाड खाली गेलंय, इतकं साधं आहे. मिलिमीटरमध्ये हवं असेल तर इम्प्लांटची लांबी डॉक्टरांनी दिलेल्या इम्प्लांटच्या कार्डावर लिहिलेली असते ती घ्या. समजा १० मिमीचा आहे आणि स्क्रीनवर १२ भरतोय, तर स्क्रीनवरचं २.४ म्हणजे खरं २. पहिल्या वर्षी एक-दीड मिलिमीटर हाड खाली जाणं जुन्या हिशोबात चालतं असं धरायचे, त्यानंतर वर्षाला ०.२ पेक्षा कमी. स्क्रूच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीकडच्या टोकाला, वाटीसारखा काळा खड्डा दिसला, किंवा स्क्रूच्या सगळ्या बाजूंनी काळी रेघ फिरली असेल तर वेळ काढू नका. ती पूर्ण रेघ म्हणजे हाड स्क्रूला धरून नाही. कॅप आणि स्क्रू यांच्यात फट आहे का, कडेला सिमेंटचा पांढरा ठिपका राहिलाय का हेही विचारा, कारण राहिलेल्या सिमेंटमुळे हिरडी सुजत राहते.

पण एक्सरेवर सगळं सोडू नका. त्यात स्क्रूच्या पुढची आणि मागची बाजू दिसते, गालाकडचं आणि जिभेकडचं हाड धातूमागे लपतं. म्हणून हिरडीत बारीक सळी घालून खोली मोजावीच लागते. आईकडे जुना एक्सरे नव्हता ना, तेव्हा डॉक्टरांनी हिरड्या आणि इम्प्लांटच्या आजारांच्या २०१७ च्या जागतिक वर्गीकरणातला नियम लावला: रक्त किंवा पू, खोली ६ मिमी किंवा जास्त आणि स्क्रूच्या हाडात बसणाऱ्या भागाच्या वरच्या टोकापासून हाड ३ मिमी किंवा जास्त खाली गेलेलं, हे तिन्ही असेल तर पेरीइम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजायचा आजार) धरायचं. आईची खोली ५ भरली आणि हाड दोन मिमीच्या आसपास खाली होतं, म्हणून साफसफाई केली आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं. शुगर आहे तिला, आणि पूर्वी मिश्री लावायची. शुगर आणि तंबाखू दोन्ही इम्प्लांटच्या मुळावर येतात, आपल्याकडे कितीतरी आज्या-मावश्या अजून सकाळी मिश्रीच लावतात, त्यांच्यासाठी इम्प्लांट करणार असाल तर आधी ते सोडवा, मी हात जोडून सांगतोय.

रेडिएशनची भीती बरेच जण घालतात. छोट्या डिजिटल एक्सरेचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो, साधारण एक-दोन दिवसांत निसर्गातून आपल्याला मिळतं तेवढा. दिवस गेले असतील तर मात्र आधी सांगायचं.

किती वेळा काढायचा तर कॅपच्या दिवशी, मग एक वर्षाने, पुढे डॉक्टर ठरवतील तसं, आणि रक्त, पू, सूज किंवा हलणं जाणवलं तर लगेच. दरवेळी जुना सोबत घेऊन जायचा.

फाईल मागून घ्या, नुसती फिल्म नको, आपल्याकडच्या पावसाळी दमटात फिल्म चिकटते, बुरशी धरते. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला तर क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा आणि स्वतःला ईमेल करून ठेवा. सीबीसीटी असेल तर डायकॉम फाईल (स्कॅनची मूळ फाईल) पेन ड्राईव्हवर, सीडी लावायला आता कोणाकडे ड्राईव्ह राहिला नाही. इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर, ज्यावर कंपनी, साईज आणि लॉट नंबर असतो, त्याचा पण फोटो काढा, पुढे स्क्रू सैल झाला तर त्याच कंपनीचं टूल लागतं आणि नाव माहीत नसेल तर डॉक्टर अडकतात. मुंबईत इम्प्लांट केलेले चाकरमानी गणपतीला किंवा आंब्याच्या दिवसात गावी येतात आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होतं, फोनमध्ये एक्सरे आणि स्टिकर हे दोन्ही असले तर दापोली गुहागर कणकवली कुठल्याही डॉक्टरला काम करता येतं. आईचे मी तिच्या फोनमध्ये, माझ्या आणि भावाच्या, तिन्हीकडे टाकलेत.