टुरिस्ट स्पॉटवरची थ्रिलर बरी का वाईट, ते कसं ठरवायचं

राजेहो, झडी लागली का वावरात पाय घालता येत नाही, मंग आमच्या गावात दोनच उद्योग, पत्ते नाहीतर पुस्तक. यंदा वाचनालयातून एक थ्रिलर आणली, चिखलदऱ्यावर, म्हणजे मेळघाटातल्या थंड हवेच्या ठिकाणी घडणारी. पुण्याचे पाच जुने मित्र रिसॉर्टवर येतात, धुकं, पाऊस, आन सकाळी त्यातला एक दरीत. रात्री अडीचपर्यंत हातची सुटली नाही, पण दुसऱ्या दिवशी पारावर पोट्ट्यांनी विचारलं कशी हाय, तर तोंडातून नुसतं "भारी" निघालं. भारी म्हणजे काय, ते सांगताच येईना. म्हणून मंग पुन्हा वाचली, वही घेऊन, आन ती कशी तपासली तेच सांगतो.

आधी जागेच्या नावावर अंगठा ठेवा अन् तीच गोष्ट मनात नागपूरच्या फ्लॅटमध्ये घडवून पाहा. जशीच्या तशी घडली तर जागा म्हणजे नाटकातला मागचा पडदा, बाकी काही नाही. आमची कादंबरी इथं पास झाली. धुक्यात दहा फुटावरचा माणूस दिसत नाही, म्हणून कोणी कोणाला पाह्यलं ते फक्त रेनकोटच्या रंगावर ठरतं, आन रेनकोट रिसॉर्टनं दिलेले, सगळे पिवळे! हे फ्लॅटमध्ये होणार नाही. सुट्टीच्या जागेचा फायदाच तो, घरचं कोणी सोबत नाही, मुक्काम चार दिवसांचा, आन सुट्टीवर माणूस स्वतःबद्दल थोडं वाढवून सांगतोच, म्हणजे खोटं आयतंच तयार. अगाथा ख्रिस्तीबाईंनी 1937 सालीच 'डेथ ऑन द नाईल'मध्ये नाईलवरच्या बोटीत हे करून ठेवलं, खून बराच उशिरा होतो, तोवर एकेकाची भांडणं, हेवेदावे आपल्याला पाठ झालेले असतात.

आता वहीत वेळ आन अंतर लिहा. पुस्तकातला इन्स्पेक्टर परतवाड्यात फोन ठेवतो आन वीस मिनिटात रिसॉर्टच्या दारात, रात्री, भर पावसात. तीसेक किलोमीटर हाय ते, त्यात घाट, जीप होती का हेलिकॉप्टर? नेटवर्कचंही पाहा. मेळघाटात रेंज जाते हे खरंच, पण इथं हिरोईनची जाते आन खुन्याला त्याच गॅलरीत फोन लागतो, हे काही पटत नाही. ताडोबावरची गोष्ट असली तर कॅलेंडर काढा. मंगळवारी सफारी बंद, आन 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे, गेट बंद, त्यामुळं ऑगस्टात हिरो कोअरमध्ये जिप्सीत बसलेला दिसला तर समजा लेखक घरीच बसून फिरला.

पेन्सिल असली तर जिथं गाईडसारखी माहिती येते तिथं बाजूला खूण करा, आन शेवटी पाहा त्यातलं काय कामी आलं. माझ्या खुणा सात पानं भरल्या. भीमकुंड, कीचक, 1803 ची गाविलगडची लढाई, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर, सगळं आलं आन सगळं वाया गेलं. कॉफीची झाडं मात्र एकाच ओळीत येतात, आन शेवटी ओल्या स्वेटरला अडकलेलं कॉफीचं पान सापडतं. असं पाह्यजे! शेवटाला मात्र मी मार्क कापले, खुनी स्वतःच सहा पानं बसून सगळं कबूल करतो, जसा काही गावच्या पंचायतीत उभा हाय.

पारावर सांगताना खुन्याचं नाव सोडून हे सगळं सांगता येते, रेनकोटचं सांगा, घाटाचं सांगा, कॉफीचं पान कुठं सापडलं ते नका सांगू.

एक राह्यलं, तिथल्या माणसाचं काय केलं ते जरूर तपासा. या पुस्तकात तिथला कोरकू आदिवासी स्वयंपाकी हाय, तीनदा येतो आन तिन्ही वेळा काय म्हणतो तर "जंगल सब देखता है साब". अरे बाप्पा, तो माणूस रात्री खोल्याखोल्यातून चहा पोचवतो, कोण जागं होतं, कोणाची खोली रिकामी होती हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? आजीला दुसऱ्यांदा वाचून दाखवत होतो तं ती सुपारी कातरता कातरता निम्म्यातच म्हणे, "काऊन रे, त्या सैपाक्याले कोनीच कसं इचारत नाई? चाय तं त्यानंच नेला." इन्स्पेक्टरला हे सुचलं 212 व्या पानावर.