खताचं पिंप तडकलंय? पाऊस सुरू होण्याआधी ठरवा, सांधायचं की बदलायचं

उन्हाळा सरत आला की घरच्या खताच्या प्लास्टिक पिंपाकडे एकदा नीट बघून घ्यावं. वर्षभर आपण झाकण उघडतो, कचरा टाकतो आणि वळतो. पिंपाच्या अंगाकडे लक्ष जात नाही. मग पहिल्याच मोठ्या पावसात बुडाशी काळं पाणी पसरतं, झाकणाचा कोपरा तुटून हातात येतो आणि अर्धवट कुजलेलं खत भर पावसात कुठे हलवायचं, याची शोधाशोध सुरू होते. म्हणून हे काम कोरड्या, उबदार दिवसांतच उरकावं. उबदार दिवशी प्लास्टिक थोडं लवतं. थंडीत तेच ताठर होतं आणि ड्रिल टेकवलं की जुन्या चिरेशेजारी नवी चीर पडते.

दुरुस्तीची हत्यारं काढण्याआधी एक गोष्ट ओळखायला हवी: तडा ओझ्याने गेलाय की उन्हाने? दोन्ही चिरा दिसायला सारख्या असतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

ज्या बाजूला सर्वात जास्त ऊन लागतं, तिथे बोट घासा. पांढरट पूड बोटाला लागली तर प्लास्टिकचा वरचा थर उन्हाने जळाला असं समजा. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि लवचीकपणा संपतो. आता झाकणाची किंवा वरच्या काठाची कड अंगठ्याने हळूच दाबून सोडा. कड लवून परत जागेवर आली तर प्लास्टिक जिवंत आहे. ‘कट्’ आवाज करून तुकडा निघाला तर विषय तिथेच संपला. सावलीतली बाजूही अशीच दाबून बघा. बरेचदा एक बाजू गेलेली असते आणि दुसरी ठणठणीत असते. काळ्या पिंपाच्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती अतिनील किरण शोषून घेते. म्हणून काळी पिंपं सहसा फिक्या रंगाच्या पिंपांपेक्षा जास्त टिकतात.

उन्हाने ठिसूळ झालेलं पिंप दुरुस्त करू नका, असं मी स्पष्टच सांगेन. एक भोक पाडायला जाल तर दोन तडे मिळतील. शिवाय त्याचे कपचे गळून खतात मिसळतात. ते कुजत नाहीत. खताबरोबर वाफ्यात जातात आणि मातीत बारीक बारीक होत राहतात, वेचून काढणं मग कुणालाच जमत नाही.

ओझ्याचा तडा असेल तर

असा तडा बहुधा खालच्या अर्ध्या भागात, कोपऱ्यावर, दाराच्या चौकटीपाशी किंवा हवेच्या भोकाजवळ जातो. ओलं खत जड असतं. 200 लिटरचं पिंप गच्च भरलं की आतला माल शंभर किलोच्या वर सहज जातो, आणि तो चारही बाजूंना दाब देत असतो. बूड उंचसखल जागेवर असेल तर सगळा दाब एकाच कोपऱ्यावर येतो. त्यामुळे सांधण्याआधी पिंपाखालची जमीन सपाट करा. हे राहिलं तर सांधा कितीही पक्का असो, त्याच्या शेजारून पुन्हा चीर जाईल.

पिंप तड्याच्या खालपर्यंत रिकामं करा, तो भाग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. मग तड्याची खरी टोकं शोधा. डोळ्यांना दिसते त्यापुढेही चीर थोडी गेलेली असते. दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की केसासारखी रेघ दिसते. त्या रेघेच्या अगदी टोकावर 5 मिलिमीटरचं गोल भोक पाडा. चिरेच्या अणकुचीदार टोकावर ताण एकवटतो म्हणून ती पुढे सरकते. टोक गोल झालं की ताण पसरतो आणि चीर थांबते. सगळ्या दुरुस्तीतलं सर्वात मोलाचं काम हेच, आणि नेमकं तेच बहुतेकजण सोडून देतात.

आता चिकटवण्याबद्दल. ही पिंपं बहुतेक वेळा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, आणि या दोन्हींच्या गुळगुळीत पृष्ठभागाला साधा गोंद धरतच नाही. झटपट चिकटणारे गोंद, एपॉक्सी, सगळ्यांची तीच गत. मी पहिल्या वेळी एपॉक्सीची अख्खी जोडी ओतली होती. वाळल्यावर दगडासारखं घट्ट झालं, आणि आठवड्याभरात पापडासारखं सबंध सुटून आलं.

त्यापेक्षा शिवण घाला. चिरेच्या दोन्ही बाजूंना काठापासून साधारण दीड सेंटीमीटर अंतरावर, दर तीन-चार सेंटीमीटरला एक भोक, समोरासमोर. त्यांतून स्टेनलेस स्टीलची तार ओवून पक्कडीने पीळ द्या. साधी लोखंडी तार ओलाव्याने आणि खतातून झिरपणाऱ्या पाण्याने लवकर गंजते. तार नसेल तर केबल टाय चालतात, पण काळे घ्या. पांढरे उन्हात लवकर तुटतात. पिळाची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून खाली दुमडा, नाहीतर खत काढताना हाताला लागतील. तडा लांब असेल तर आतून जुन्या बादलीची रुंद पट्टी लावा आणि रुंद वॉशर घालून नट-बोल्टने आवळा. फार आवळू नका, प्लास्टिक दबून पुन्हा फाटतं.

हात बसलेला असेल तर वितळवूनही सांधता येतं. त्यासाठी पिंपाच्या बुडावरचा त्रिकोण बघा. आत 2 आकडा असेल तर ते जास्त घनतेचं पॉलिथिलीन, साधारण 130 अंश सेल्सियसला वितळतं. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला 160 ते 165 अंश लागतात. ही दोन एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून भरण्यासाठी वापरायची पट्टीही त्याच आकड्याच्या प्लास्टिकची हवी. चिरेवर निम्म्या जाडीपर्यंत इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करा, सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने दोन्ही कडा आणि पट्टी एकत्र दाबत पुढे सरका. धूर निघू लागला म्हणजे प्लास्टिक जळतंय, उष्णता कमी करा. हे काम उघड्यावरच करा आणि ज्योत वापरू नका. त्रिकोणात 3 असेल तर ते पीव्हीसी. तापवलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात, त्याला उष्णता लावूच नका. आकडा पुसला असेल तर छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडतं.

झाकणाची बिजागरी तुटली असेल तर फार डोकं चालवायची गरज नाही. दोन भोकं, जाड दोरी, वर एक वीट. मात्र झाकण पावसाआधी हवंच. खतात 50 ते 60 टक्के ओलावा पुरतो. मूठ आवळल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. पाणी जास्त झालं की हवा कोंडते आणि वास सुटतो.

बुडाशी उंदरांनी कुरतडलं असेल तर प्लास्टिकचं ठिगळ पुन्हा कुरतडलं जाईल. तिथे बाहेरून आणि खालून 6 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावा. गांडुळं त्यातून ये-जा करतात, उंदीर नाही.

बदलायचं ठरलं तर

पुन्हा प्लास्टिकच घेत असाल तर गडद रंग, जाड भिंत, अतिनील किरणांपासून संरक्षण असल्याची नोंद आणि खत काढायला रुंद दार बघा. दाराच्या खिट्ट्या स्वतः उघडून-लावून पाहा. पिंप सर्वात आधी मोडतं ते तिथेच.

पण पिंपच हवं असं कुठे आहे? जागा असेल तर जाळीचं कडं मला जास्त आवडतं. एक मीटर व्यासासाठी सव्वातीन मीटर जाळी घ्या, एकमेकांवर येणारा भाग धरून. उंची 90 सेंटीमीटर ठेवली तर सुमारे 700 लिटर माल मावतो, आणि इतक्या ढिगात उष्णताही बऱ्यापैकी धरून राहते. लहान पिंपात हे अवघड जातं. जाळीतून वाऱ्याने माल वाळतो, म्हणून आतून पुठ्ठा लावा आणि पावसात वरून झाका. लाकडी पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटींचा, चौकोनही चांगला होतो. त्यावर ‘एचटी’ छाप असलेली, म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेली पॅलेट निवडा. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती खतासाठी घेऊ नका. जुना ड्रम मिळाला तर त्यात आधी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको.

माल हलवताना आधी त्यावर थोडं पाणी शिंपडा. कोरड्या खतातून बुरशीची धूळ उडते, ती श्वासात गेलेली बरी नाही. मास्क, हातमोजे आणि गमबूट घाला, कारण पिंपाखालच्या गार अंधारात विंचू किंवा साप बसलेला असू शकतो. पिंप आधी काठीने ठोका, मग तुमच्यापासून लांबची कड उचला. बुडातलं काळं, मातीच्या वासाचं खत चाळून बाजूला काढा. उरलेला अर्धकच्चा माल नव्या जागी टाकताना मधे मधे कोरडा पाचोळा घाला. या उलथापालथीने हवा मिळते, त्यामुळे ढीग दोन-चार दिवसांत पुन्हा तापताना दिसला तर घाबरू नका. चाळणीवर राहिलेले प्लास्टिकचे कपचे मात्र एकेक करून वेचा.

जुन्या पिंपाचं झाकण किंवा सावलीतली बाजू चांगली असेल तर पुढच्या ठिगळांसाठी कापून ठेवा. बाकीचं धुऊन, आकड्यानुसार भंगारात द्या. जाळू नका.

सांधलेलं पिंप लगेच काठोकाठ भरू नका. पहिला आठवडा निम्मंच ठेवा, मग तारेचे पीळ एकदा तपासा. माल बसला की शिवण थोडी सैल पडते, तेव्हा पक्कडीने आणखी अर्धा वेढा द्यावा लागतो.