आरव्हीतच राहून आरव्ही दुरुस्त करताय? या चुका टाळा

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमची आरव्ही म्हणजे गाडीला जोडून ओढायचा ट्रेलर, आणि त्यातली नवीकोरी व्हिनाइलची फरशी आम्ही सहाव्या आठवड्यात स्वतःच्या हातांनी उचकटून काढली. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात पाय ठेवला की जमीन दबत होती. पट्ट्या काढल्या, तर खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं चिमटीत यायला लागलं. पाणी खिडकीतून आलंच नव्हतं. छताच्या कडेला जो छोटा नारिंगी दिवा असतो, त्याच्या भोकातून ते शिरलं होतं आणि भिंतीच्या पोटातून खाली उतरलं होतं. पश्चिम ओरेगॉनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. आम्ही काम उन्हाळ्यात केलं, त्यामुळे पहिली झड येईपर्यंत कळलंच नाही.

अमेरिकेत कायम आरव्हीत राहणारी मराठी कुटुंबं थोडी असली, तरी जुना ट्रेलर घेऊन त्यात राहता राहता तो नीट करू म्हणणारे मला अधूनमधून भेटतात. त्या सगळ्यांना मी आधी हेच सांगते: रंग, फरशी, पडदे, कपाटाच्या मुठी हे सगळं शेवटी. आधी छत, मग वीज आणि गॅस, मग नळ आणि टाक्या. आणि रोज सकाळी जेवढं उघडाल, तेवढं संध्याकाळपर्यंत बंद करता आलं पाहिजे, कारण रात्री तिथेच झोपायचंय.

चूक: गळती दिसते तिथेच शोधणं

पाणी आत शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. छताच्या कडेची अॅल्युमिनियमची पट्टी, छतावरच्या हवेच्या झरोक्यांची (व्हेंटची) झाकणं, शिडीचे स्क्रू, अँटेना, कोपऱ्यांचे सांधे ही शिरण्याची ठिकाणं. आमचा छडा शेवटी एका साध्या युक्तीने लागला. सगळ्या खिडक्या, दारं बंद केली, छतावरच्या एका व्हेंटमध्ये पुठ्ठा आणि टेप लावून पंखा आत हवा ढकलेल असा बसवला. मग बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. जिथे फट होती तिथे फेसाचे बुडबुडे यायला लागले. त्या दिव्याजवळ तर मुठीएवढा फेस जमला.

दुसरी गोष्ट म्हणजे सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा चिकट पदार्थ. दुकानात सिलिकॉनची ट्यूब स्वस्त मिळते म्हणून छतावर सिलिकॉन ओढू नका. ते सुकलं की त्यावर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही, आणि खरवडून काढताना जीव जातो. छत रबराचं म्हणजे ईपीडीएमचं आहे की टीपीओ या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, हे आधी बघा आणि त्याला चालणारंच लॅप सीलंट घ्या. आडव्या पृष्ठभागासाठी आपोआप पसरणारं, उभ्यासाठी न ओघळणारं. व्हेंट किंवा खिडकी काढून परत बसवताना चौकटीखाली ब्युटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी हवीच. वरून ओढलेलं सीलंट तिची जागा घेऊ शकत नाही. ईपीडीएम पुसायला पेट्रोलियमचा अंश असलेलं काहीही वापरू नका, रबर फुगतं.

कोकणात माझ्या आजोळी मृगाआधी घर शाकारल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. आरव्हीचं छत तर रस्त्यावर हादरे खात फिरतं. त्याची शाकारणी वर्षातून एकदा करून भागत नाही. दर तीन महिन्यांनी वर चढून प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहायचा आणि बोटाने दाबायचा.

ओलं लाकूड मात्र लगेच झाकू नका. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर फार महाग नसतो, तो घ्या. आम्ही तो कोपरा हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर लावून बारा दिवस उघडा ठेवला. ते बारा दिवस गैरसोयीचे होते, पण तसंच बंद केलं असतं तर आत बुरशी धरली असती आणि ती हवा आम्हीच श्वासात घेतली असती.

आणि प्रत्येक ओल म्हणजे गळती नाही. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या असतात, फोडणी असते, भात-डाळीची वाफ असते. थंडीत ती वाफ छतावर आणि खिडकीच्या चौकटीवर थेंब होऊन बसते. पाऊस नसतानाही थंड सकाळी ओल दिसली, तर ती बहुतेक वाफच असते. पाऊस पडल्यावरच दिसली, तर गळती. चुलीवरच्या पंख्याचं बाहेरच्या भिंतीवर एक झाकण असतं आणि प्रवासात ते उघडू नये म्हणून त्याला छोट्या खिट्ट्या असतात. त्या उघडायच्या राहून गेल्या, तर पंखा नुसता आवाज करतो आणि वाफ आतच फिरते. एका मैत्रिणीच्या ट्रेलरमध्ये त्या दोन वर्षं बंद होत्या.

चूक: विजेला भारतातल्या सवयीने हात लावणं

ही चूक आपल्या लोकांसाठी खास धोक्याची आहे. आपण २३० व्होल्टच्या देशात वाढलो, त्यामुळे मीटरवर २४० दिसलं तरी मनात धोक्याची घंटा वाजत नाही. अमेरिकेतला आरव्हीचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. पण तो दिसायला कपडे वाळवायच्या मशीनच्या जुन्या प्लगसारखा असल्याने, आरव्हीची माहिती नसलेला इलेक्ट्रिशियन घराच्या अंगणात त्यासाठी २४० व्होल्टची जोडणी करून देऊ शकतो. तसं झालं की मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर (१२० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून बॅटरी भरणारं यंत्र), एसीचा बोर्ड सगळं क्षणात जळतं. कुणाच्याही अंगणात प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा: फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य. यातलं एकही जुळलं नाही, तर प्लग लावू नका. व्होल्टेज चुकीचं असेल तर वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर हा कायम राहणाऱ्यांसाठी चैनीचा खर्च नाही.

३० अँपिअर म्हणजे एकूण ३,६०० वॅट. खोली तापवायचा छोटा हीटर १,५०० वॅटचा, पाणी तापवायचा इलेक्ट्रिक एलिमेंट साधारण १,४०० वॅटचा. हे दोन्ही चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणारच. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून मोठा ब्रेकर बसवणं ही आग लावण्याची तयारी आहे, कारण आतल्या तारा तेवढ्या विजेच्या नसतात. रात्री एकदा प्लगला हात लावून पाहायची सवय ठेवा. गरम लागत असेल किंवा पिन तपकिरी पडली असेल, तर जोड सैल आहे.

नवीन सॉकेट जोडताना आणखी एक लक्षात ठेवा: आरव्हीच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळेच राहिले पाहिजेत. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते जोडलेले असतात, तेच बघून लोक इथेही जोडतात. मग एखाद्या बिघाडात ट्रेलरची धातूची बाजूच जिवंत होऊ शकते.

बॅटरी काढून परत लावल्यावर १२ व्होल्टचे दिवे मंद जळत असतील आणि चार्जिंग होत नसेल, तर कन्व्हर्टरवरचे रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज आधी बघा. तारा क्षणभर उलट्या लागल्या तरी ते उडतात. नवा कन्व्हर्टर मागवण्याआधी हे दोन मिनिटांत तपासून होतं. लीड-अॅसिडच्या जागी लिथियम बॅटरी बसवत असाल, तर जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरू शकेलच असं नाही, आणि शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करायची नसते. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी बॅटरीची जागाच घरात, उबेत करावी.

चूक: रंगाचा आणि गोंदाचा वास सहन करत झोपणं

ट्रेलरच्या आतली हवा ती किती! २००५च्या कॅटरिना वादळानंतर लोकांना राहायला दिलेल्या ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होमची अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने तपासणी केली, तेव्हा फॉर्मॅल्डिहाइड या घातक वायूची सरासरी ७७ पीपीबी (अब्ज भागांत ७७ भाग) निघाली. साध्या घरापेक्षा ती कितीतरी जास्त होती. नवं प्लायवूड, एमडीएफ, गोंद हे सगळे त्यात भर घालतात. मुलं सोबत असतील तर कमी उत्सर्जनाचं प्रमाणित लाकूड घ्या, आणि रंगाच्या दिवशी रात्र दुसरीकडे काढा. हा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा.

गोंदाच्या वाफांनी जमिनीलगतचा प्रोपेन डिटेक्टर (स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारा) केकाटायला लागतो. तेव्हा त्याचा फ्यूज काढणारे बरेच असतात, आणि नंतर तो परत लावायचा विसरतात. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून डिटेक्टर खाली बसवलेला असतो. फ्यूज काढू नका, गॅसची मुख्य टाकी बंद करा, दारं उघडा आणि हवा खेळू द्या. डिटेक्टरच्या मागे तारीख असते. पाच-सात वर्षांनी तो बदलायचाच असतो, तो दिसायला चालू असला तरीही. गॅसची नळी कुठेही हलवली असेल, तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. माचिस कधीच नाही.

चूक: वजन आणि जाडी न मोजणं

घरातल्यासारखी सिरॅमिक टाइल लावायचा मोह होतो. खालच्या बोर्डासकट ती चौरस फुटाला चार-पाच पाउंड भरते. शंभर फुटांत चार-पाचशे पाउंड झाले. ट्रेलरच्या दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर सामानासाठी किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. पाणी, भांडी, धान्य, अवजारं यांतच त्यातलं बरंच संपतं. शिवाय टाइल प्रवासात तडकते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकवर यावा लागतो. सगळी जड कपाटं मागे बांधली, तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर एकदा सगळं सामान भरून वजन करून घ्या.

जाडीचं म्हणाल, तर स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत येताना मुख्य जमिनीवरून सरकते. तिथे पाव इंचाने जरी उंची वाढली, तरी ती अडकते किंवा नवी फरशी खरवडत जाते. फरशी घेण्याआधी स्लाइड अर्धी आत घेऊन खालची फट मोजा. आणि भिंती जेमतेम दीड इंचाच्या असतात. दोन इंची स्क्रू लावलात, तर तो बाहेरच्या पत्र्यातून डोकं काढेल किंवा वाटेत तार फोडेल.

नळ आणि टाक्यांच्या तक्रारी

कुणी नळ उघडला नसताना पंप रात्री थोडा वेळ घुरघुरतो? कुठेतरी बारीक गळती आहे. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि सकाळी कोणता ओला झाला ते बघा. आरव्ही पार्कचं (आरव्ही भाड्याने उभी करायच्या जागेचं) पाणी जोडलेलं असताना ताज्या पाण्याची टाकी आपोआप भरत असेल, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पाणी उलट सोडतोय. गरम पाणी कोमट येत असेल, तर हिवाळ्यानंतर हीटरचा बायपास (पाणी हीटरला वळसा घालून नेणारी वाट) उघडाच राहिला आहे का ते आधी पाहा. हीटरच्या टाकीत पाणी नसताना इलेक्ट्रिक एलिमेंट चालू केला, तर तो काही क्षणांतच जळतो, म्हणून काम झाल्यावर आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार अखंड येते का ते बघा. पाण्याला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पार्कचा पाइप कधीही जोडू नका.

मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवून राहणं ही कायम राहणाऱ्यांची नेहमीची चूक. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी साचून डोंगर होतो. झडप बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा.

काम कुठे करणार, हेही आधी ठरवा. बऱ्याच आरव्ही पार्कमध्ये जागेवर मोठी दुरुस्ती चालत नाही, काही ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतही नाहीत. सरकारी बीएलएमच्या (अमेरिकेच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच थांबता येतं. आम्ही छताचं काम ओळखीच्यांच्या अंगणात केलं आणि पुढची कामं हिवाळ्यात अॅरिझोनाच्या कोरड्या हवेत.

टॉयलेट काढायचं असेल तर सोमवारी सकाळी काढा, रविवारी संध्याकाळी नाही. दुकानं उघडी असली पाहिजेत. खालचं नवं सील आधीच हातात घेऊन जुन्याच्या मापाशी ताडून बघा, टाकी रिकामी करून दोनदा धुवा, भोकात जुना टॉवेल कोंबा म्हणजे वासही येणार नाही आणि बोल्ट आत पडणार नाही. टॉवेल बाहेर काढला का, हे नवं टॉयलेट बसवण्याआधी मोठ्याने एकमेकांना विचारा.