पहिल्यांदाच भारी रेस्टॉरंटमध्ये जाताय? कॅप्टनकडून ऐका

मी मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन आहे. काळा कोट घालून तुमची ऑर्डर घेतो तो मी. थाळ्या आणून ठेवतात ते स्ट्युअर्ड. पहिल्यांदा आलेला गेस्ट आम्हाला दारातच ओळखू येतो आणि खरं सांगायचं तर असं टेबल माझ्या सेक्शनला आलं की मला बरं वाटतं. रोज येणारा माणूस फोनवर बोलत जेवतो. नवीन माणूस घास लक्ष देऊन खातो. अडचण एकच, तो विचारत नाही. आपल्याला माहीत नाही हे दिसू नये म्हणून मेन्यूकार्डावर कुठेतरी बोट ठेवतो आणि जे येईल ते गुपचूप संपवतो. अहो, सांगण्यासाठीच मला पगार मिळतो. मराठीत विचारा, हिंदीत विचारा. समोरचा सातारचा असेल, उत्तराखंडचा असेल, नाहीतर मणिपूरचा. तुमचं इंग्रजी तपासायला तिथे कुणी उभं नसतं.

टेबल फोन करून बुक करा आणि फोन दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करा. जेवणाच्या वेळी उचलणाऱ्याला तुमच्याशी बोलायला सवड नसते. किती जण, त्यात शाकाहारी किती, कांदा-लसूण न खाणारं कुणी आहे का, कुणाला शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे का, हे तेव्हाच सांगून टाका. किचनला आधी कळलं तर ते काहीतरी नीट करतात; टेबलावर बसल्यावर कळलं तर ताटातून एक वस्तू वगळून देतात. कपड्यांचंही विचारून घ्या. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणाले तर पुरुषांनी हाफ पँट आणि रबरी चपला टाळायच्या, एवढाच अर्थ. इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, बूट पुरेत. साडी, पंजाबी ड्रेस कुठेही चालतो. कोट भाड्याने आणू नका.

आणि पहिली वेळ शक्यतो दुपारची ठेवा. किचन तेच, आचारी तेच, पण बऱ्याच ठिकाणी दुपारी ठरलेल्या किमतीचं सेट लंच असतं आणि ते रात्रीपेक्षा स्वस्त पडतं. टेस्टिंग मेन्यूने मात्र सुरुवात करू नये, असं माझं मत. महालक्ष्मीचं ‘मास्क’ २०१६ पासून त्यासाठीच नावाजलेलं आहे. तिथे शेफ ठरवेल ते छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात. अनुभव मोठा, पण दोन-तीन तास अनोळखी चवींचे आणि मध्येच ‘हे नको’ म्हणायची सोय कमी. त्यापेक्षा लोअर परळच्या कमला मिल्समधलं ‘द बॉम्बे कँटीन’ घ्या. पदार्थ भारतीय, फक्त मांडणी वेगळी, त्यामुळे कार्ड वाचताना घाम फुटत नाही.

आई-वडिलांना पहिल्या पगारातून घेऊन येणारी मुलं हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार, आणि तिथे नेहमी एकच गोष्ट बिघडते. वडील कार्ड उघडतात, उजवीकडची किंमत वाचतात आणि म्हणतात, “मला फारशी भूक नाही, एक सूप सांग.” आई म्हणते, “माझं-यांचं एकातच होईल.” मग पुढचा तासभर सगळे अवघडून बसतात. याला उपाय आहे. आदल्या दिवशी फोन करून कॅप्टनशी बोला: चौघं आहोत, सगळं धरून इतक्यात बसवायचं आहे, आई शाकाहारी, बाबांना मासे आवडतात. तो मेन्यू सुचवेल. दुसऱ्या दिवशी कार्ड टेबलावर आलंच पाहिजे असं नाही. बिल टेबलावर आणू नका म्हणून सांगा. हात धुवायला उठल्यासारखं करून काउंटरवर बँकेचं कार्ड देऊन या. आम्ही हे बिनबोभाट करतो.

आता टेबल. समोर चार-पाच चमचे-काटे पाहून लोकांना धडकी भरते. आपल्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी असते ना, तशीच इथेही डावी-उजवी ठरलेली. काटे डावीकडे, सुरी आणि सूपचा चमचा उजवीकडे. बाहेरून आत यायचं, म्हणजे पहिल्या पदार्थाला सगळ्यात बाहेरची जोडी. डावीकडची छोटी बशी तुमच्या पावाची, उजवीकडचे ग्लास तुमचे. गोल टेबलावर शेजाऱ्याचा पाव खाल्ला जातो तो हे माहीत नसल्यामुळे. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने तोडायचा आणि तोडलेल्या तुकड्याला लोणी लावायचं. चुकीचा काटा उचललात तर काही होत नाही, स्ट्युअर्ड पुढच्या पदार्थाआधी न बोलता नवा आणून ठेवतो.

एक खूण मात्र खरंच उपयोगाची आहे. काटा-सुरी ताटात एकमेकांपासून फाकवून ठेवली तर ‘अजून खातोय’. दोन्ही शेजारीशेजारी, दांडे आपल्याकडे करून ठेवली तर ‘झालं’. आम्ही ताट उचलायचं की नाही हे त्यावरून ठरवतो. निम्मं खाणं असताना ताट गेलं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा काटा-सुरी जोडून ठेवलेली असते. नॅपकिन मांडीवर. मध्ये उठलात तर खुर्चीवर, जेवण झालं की टेबलावर डाव्या बाजूला, घडी न घालता. रोटी, नान, डोसा हातानेच खा. काट्याने रोटी कापणारा माणूस पाहून आमच्याच पोटात गोळा येतो.

ऑर्डर न करताच एका घासाचं काहीतरी आलं तर घाबरू नका, ते शेफकडून असतं, बिलात लागत नाही. दोन पदार्थांच्या मध्ये थंडगार सॉर्बे, म्हणजे फळांच्या रसाचा बर्फाळ गोळा, आलं तर ते गोड म्हणून नव्हे, आधीची चव पुसायला.

शाकाहारी मंडळींनी इथे थांबून वाचा, कारण महागड्या जेवणात मांस-मासे लपून येतात. कार्डावर हिरवी खूण पाहाच, पण तोंडी विचारा. थाई करीच्या वाटणात सुकी कोळंबी किंवा तिची पेस्ट असते, चायनीज भाजीत ऑइस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस असू शकतो. जपानी मिसो सूपचं पाणी सहसा सुक्या माशाचं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे. पन्नाकोटा नावाचं इटालियन गोड जिलेटिनवर बसवतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ताज्या पास्त्यात अंडं असतं, तिरामिसू या कॉफीच्या चवीच्या गोडात अंडं आणि बऱ्याचदा दारूसुद्धा. चांगल्या किचनकडे यातल्या बहुतेकांना शाकाहारी पर्याय असतो, पण तुम्ही विचारलंत तरच. “यात अंडं, मासा, जिलेटिन काही आहे का?” असं नाव घेऊन विचारा, नुसतं “व्हेज आहे ना?” विचारलंत तर घाईत “हो” येऊ शकतं. मांसाहारींसाठी एक: २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे कार्डावर नुसतं ‘टेंडरलॉइन’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा म्हशी-रेड्याचं. चालत नसेल तर आधी विचारा.

खेकडा, लॉब्स्टर, पापलेट यांच्यासमोर किमतीऐवजी ‘एपीएस’ दिसलं तर त्याचा अर्थ आकारानुसार किंमत. वजन किती आणि त्याचे किती होतील, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. श्रीमंतातले श्रीमंत गेस्ट विचारतात; न विचारणारे तेवढे बिल पाहून गप्प होतात.

पाण्याचंही तसंच. बसल्या बसल्या “स्टिल की स्पार्कलिंग?” असं विचारतात, म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की बुडबुड्यांचं; त्यात तिसरं उत्तर असतं: “साधं फिल्टरचं.” ते फुकट असतं आणि ते मागण्यात काही कमीपणा नाही. बाटली घेतलीत तर छापील किमतीपेक्षा जास्त लागेल. हॉटेल-रेस्टॉरंटना तसं लावता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. वाइन मागवली तर बाटलीचं लेबल दाखवून ग्लासात घोटभर ओततात. तुम्हाला आवडली का, हा तो प्रश्न नाही. बाटली खराब झालेली नाही ना, एवढंच पाहायचं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगा, नाहीतर मान हलवा. तुम्हाला वाइनमधलं कळत नसेल तर सोबतच्या कुणाला चाखायला सांगा.

पदार्थ आवडला नाही, खारट झाला, गार आला, तर दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच सांगा. तेव्हा आम्ही बदलून देऊ शकतो. ताट रिकामं करून सांगितलंत तर मी फक्त सॉरी म्हणू शकतो. बोलवायला हात थोडा वर, नजरेला नजर. शुक शुक आणि चुटक्या नकोत.

बिल नीट वाचा. हॉटेलबाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी साधारणपणे ५ टक्के. जिथे खोलीचं रोजचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे ६,००० रुपयांच्या जेवणाचे एकीकडे ६,३०० आणि दुसरीकडे ७,०८० होतात. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून ती वेगळ्या ओळीत दिसते. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नव्हे. तो आपोआप बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. ६,००० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावला तर आकडा ७,७८८ वर जातो. “हा काढून द्या” एवढं शांतपणे म्हणा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सर्व्हिस चार्जातला काही वाटा आमच्याच खिशात यायचा, तरी सांगतोय, कारण न विचारता घेतलेल्या पैशापेक्षा टेबलावर ठेवलेली टिप मला आवडते. पाच ते दहा टक्के पुष्कळ झाले, जमल्यास रोख. सर्व्हिस चार्ज भरला असेल तर टिप द्यायची गरज नाही.

उरलेलं बांधून मागा. बुफेतलं देत नाहीत. कार्डावरून मागवलेलं सहसा देतात, काही हॉटेलं त्यासाठी एका कागदावर सही घेतात, ती करून टाका. कच्चा मासा आणि ऑइस्टर न्यायचा आग्रह धरू नका. आणि गाडी व्हॅलेला, म्हणजे ती पार्क करून देणाऱ्या माणसाला, दिली असेल तर बिल मागतानाच त्याचं टोकन स्ट्युअर्डला दाखवा, तो खाली कळवतो. शनिवारी रात्री पोर्चमध्ये पाऊण तास उभे राहणारे ते टोकन खाली गेल्यावर खिशातून काढतात.