सिकलसेलचा अर्ज : केवळ बऱ्या दिवसावरून आजार सांगू नका

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांमध्ये मोडतो, आणि प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्यास, उत्पन्नाच्या व इतर अटी पूर्ण करून, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. अडचण अशी की एटापल्ली किंवा धारणीसारख्या दुर्गम भागातून या प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण त्या दिवशी बहुधा बरा दिसतो. या आजारात येणारा वेदनेचा झटका त्या दिवशी आला असता तर त्याला एसटीत बसणेही जमले नसते. म्हणून ‘कधी कधी दुखते’ असे मोघम लिहू नये. मागील बारा महिन्यांत किती झटके आले, प्रत्येक वेळी किती दिवस अंथरुणात गेले, किती वेळा भरती व्हावे लागले, किती पिशव्या रक्त चढवले आणि धानाच्या रोवणीला किंवा कापूस वेचायला किती दिवस जाता आले नाही, हे आकड्यांत मांडावे. बरे दिवसही लपवू नयेत. त्रासाच्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करण्याची सवय यासाठी फार मोलाची आहे. डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि इलेक्ट्रोफोरेसिसचा (सिकलसेल निश्चित करणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल यांच्या झेरॉक्स जोडाव्यात; मूळ कागद दाखवून परत घ्यावेत.