कंपोझिटच्या चकत्यांचा रंग जुळत नव्हता, दोष निघाला पृष्ठभागाचा

दात भरायचं कंपोझिट, म्हणजे रेझिन आणि बारीक कणांचं मिश्रण. एकाच सिरिंजमधल्या ए२ शेडच्या (दाताच्या रंगाची एक छटा) चकत्या, जाडी तीच, तरी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग मोजणारं यंत्र) काही फिकट येत होत्या. यंत्र पुन्हा कॅलिब्रेट केलं, क्युरिंगचा (प्रकाशाने कडक करण्याचा) वेळ वाढवला, सिरिंज बदलली. फरक तसाच. पार वैतागलो होतो.

शेवटी बोट फिरवून पाहिलं: फिकट चकत्याच खरखरीत होत्या. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि चकाकी वगळून मोजताना तो विखुरलेला पांढरा प्रकाशही रंगात मिसळतो.

मग चकत्या थोड्या जाड बनवल्या आणि २४ तास ३७ अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्या. नंतर वाहत्या पाण्याखाली ६००, ८००, १२०० ग्रिटचे सिलिकॉन कार्बाइड पेपर (बारीक होत जाणारे घासकागद), याच क्रमाने. पेपर बदलताना चकती ९० अंश फिरवायची आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतर १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, १० मिनिटं अल्ट्रासॉनिक यंत्रात सफाई, टिपून कोरडं, जाडी मायक्रोमीटरने पुन्हा २ मिमी आहे ना ते पाहणं (ती बदलली की रंगही बदलतो), मग दर वेळी त्याच पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाचन.

कडक करताना वर ठेवलेल्या मायलर पट्टीखालचा (पारदर्शक प्लास्टिकची पट्टी) गुळगुळीत थर मात्र फसवा. त्यात रेझिन जास्त असतं, तोही घासून काढा.

आता चकत्यांमधला डेल्टा ई (रंगातला फरक सांगणारा आकडा) १.२ च्या खाली, म्हणजे डोळ्याला जाणवण्याच्या मर्यादेच्या आत येतो.